वारसा दुसऱ्याच्या हाती



एखाद्या शहराला संगीताचा थोर वारसा लाभला आहे, असे आपण सहज म्हणून जातो. तसे म्हणताना बहुधा आपल्या मनात एक यादी असते. अमका संगीतकार तिथे राहिला, तमकी रचना तिथे पहिल्यांदा वाजली, अमके नाट्यगृह आजही उभे आहे. चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग हिची यादी तर कोणालाही हेवा वाटावा अशी आहे. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेराचा पहिला प्रयोग २९ ऑक्टोबर १७८७ रोजी याच शहरात झाला, आणि तो ज्या नाट्यगृहात झाला तिथे आजही प्रयोग होतात. इथल्या संगीत विद्यालयात १८११ पासून शिकवले जाते. चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम ४ जानेवारी १८९६ रोजी रुडोल्फिनम सभागृहात झाला, त्याचे संचालन स्वतः संगीतकार अंतोनिन द्वोर्झाकने केले. एवढे गाठीशी असल्यावर या शहराने आणखी काही करण्याची गरज काय, असे कोणालाही वाटेल. आज मला याच्या उलट मांडायचे आहे. मालकी सांगितल्याने वारसा राहत नाही. तो वर्षानुवर्षे, नेमाने, नव्या आणि प्रसंगी परक्या हातांत सोपवावा लागतो. आणि वाद्यवृंदांच्या महोत्सवाचे खरे काम हे सोपवणेच आहे. प्रागमध्ये १९४६ साली सुरू झालेला ‘प्राग स्प्रिंग’ महोत्सव हा माझा मुख्य पुरावा आहे.

हा महोत्सव दरवर्षी १२ मे रोजी सुरू होतो. बेद्रिख स्मेताना या संगीतकाराचा हा स्मृतिदिन. १८८४ मध्ये याच तारखेला प्रागच्या मनोरुग्णालयात त्याचे निधन झाले. त्या दिवशी व्हिशेहराडच्या टेकडीवरील दफनभूमीत त्याच्या समाधीवर पुष्पचक्र वाहिले जाते. संध्याकाळी नगरभवनातल्या, त्याच्याच नावाच्या सभागृहात राष्ट्राध्यक्ष येतात, त्याच्या ‘लिबुशे’ या ऑपेरातली तुताऱ्यांची धून वाजते, राष्ट्रगीत होते, आणि मग ‘मा व्लास्त’, म्हणजे ‘माझी मायभूमी’, ही सहा स्वरकाव्यांची मालिका सुरू होते. १९५२ पासून उद्घाटनाची ही रीत रूढ झाली. पुढचे तीनेक आठवडे जगभरातले वाद्यवृंद आणि एकल वादक येतात, जुन्यानव्या रचना वाजतात, दरवर्षीचा कार्यक्रम वेगळा असतो. पहिली संध्याकाळ मात्र ठरलेली. तिथे दिवस ठरलेला, जागा ठरलेली, रचना ठरलेली. ठरलेले नसते ते एवढेच, की वाजवणार कोण. ही एक जागा मोकळी सोडण्यात या महोत्सवाचे सगळे शहाणपण आहे, असे मला वाटते.

ते शहाणपण समजून घ्यायचे तर ती रचना थोडी जवळून पाहायला हवी. पहिल्या स्वरकाव्याचे नाव ‘व्हिशेहराड’, म्हणजे प्रागचा जुना गड. सुरुवातीला बाकीचा वाद्यवृंद गप्प असतो आणि फक्त दोन हार्प वाजतात. त्यांच्या झंकारात चार स्वरांची एक आकृती उमटते: बी फ्लॅट, ई फ्लॅट, डी आणि पुन्हा बी फ्लॅट. बी फ्लॅटला षड्ज मानले तर आपल्या भाषेत ही आकृती सा, म, ग, सा अशी होते. दुसरे स्वरकाव्य ‘व्लताव्हा’ नदीचे. ते एका फ्लूटच्या वळणदार लकेरीने सुरू होते, मग दुसरे फ्लूट आणि पुढे क्लॅरिनेट तिला येऊन मिळतात, कारण ही नदी दोन झऱ्यांच्या संगमातून जन्मते. नदी जंगलांतून, लग्नघरावरून, खळाळांतून वाहत प्रागला पोचते तेव्हा गडाचे तेच चार स्वर आता सगळ्या वाद्यवृंदातून गर्जत येतात. आणि सहाव्या काव्याच्या शेवटी ते पुन्हा भेटतात. हे सगळे लिहिणाऱ्या माणसाला त्यातले काहीच ऐकू येणार नव्हते. ऑक्टोबर १८७४ मध्ये स्मेतानाची श्रवणशक्ती पूर्ण गेली आणि ‘व्लताव्हा’ त्याने त्यानंतरच्या नोव्हेंबर-डिसेंबरात लिहिले. ५ नोव्हेंबर १८८२ रोजी सहाही काव्ये प्रथमच एकत्र वाजली, तेव्हाही तो बहिराच होता. म्हणजे ही रचना जन्मतःच दुसऱ्यांच्या हातांवर आणि कानांवर सोपवलेली आहे. शिवाय जिला चेक भूमीचा आवाज मानले जाते त्या नदीच्या धुनेचे ‘ला मांतोव्हाना’ या जुन्या इटालियन चालीशी साम्य आहे. आणि खुद्द स्मेतानाचे शिक्षण जर्मन भाषेत झालेले होते, चेक भाषा नीट लिहायला तो चाळिशीच्या सुमाराला शिकला. मायभूमीचे हे संगीत मुळापासूनच अनेकांकडून घेत आणि अनेकांना देत आले आहे.

शहराचेही तसेच. चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीत-अभ्यासक १७७२ मध्ये बोहेमियातून, म्हणजे प्रागभोवतीच्या प्रदेशातून, प्रवास करत होता. इथले लोक संगीतात एवढे पुढे कसे, याचे कारण त्याला हवे होते. चास्लाव या गावी त्याला ते सापडले. शाळेत सहा ते दहा-अकरा वर्षांची मुले-मुली लिहिण्यावाचण्याबरोबर व्हायोलिन आणि ओबो यांसारखी वाद्ये वाजवत होती, आणि ऑर्गनवादकाच्या घरातल्या एका लहानशा खोलीत चार क्लॅव्हिकॉर्ड मांडलेली होती, प्रत्येकावर एकेक मुलगा सराव करत होता. प्रागचा वारसा त्या खोलीत तयार होत होता. पुढे एकोणिसाव्या शतकात शहरात चेक आणि जर्मन अशा दोन भाषिक समाजांची चढाओढ लागली. चेकांनी वर्गणी काढून राष्ट्रीय नाट्यगृह उभारले, तर जर्मन भाषकांनी १८८८ मध्ये आपले नवे नाट्यगृह उघडले. या जर्मन भाषकांत ज्यूही मोठ्या संख्येने होते. चढाओढीचा फायदा संगीताला झाला हे खरे. पण सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगी दोन्हीकडचे वादक एकत्र बसले, हेही तितकेच खरे. बोहेमियातच जन्मलेल्या गुस्ताव्ह मालरने आपल्या सातव्या सिंफनीचे पहिले सादरीकरण १९ सप्टेंबर १९०८ रोजी प्रागमध्ये केले, तेव्हा चेक फिलहार्मोनिकच्या वादकांना जर्मन नाट्यगृहाच्या वादकांची जोड दिलेली होती.

हे सारे १९३९ नंतरच्या सात वर्षांत उद्ध्वस्त झाले. नाझी राजवटीत बोहेमिया आणि मोराव्हियातल्या सुमारे ऐंशी हजार ज्यूंचा बळी गेला. तेरेझीनच्या छावणीत १९४४ मध्ये कारेल आन्चर्ल या तरुण संचालकाने पाव्हेल हास याची तंतुवाद्यांसाठीची रचना कैद्यांच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. त्याच वर्षी दोघांनाही आउश्वित्झला पाठवण्यात आले. हास मारला गेला, आन्चर्ल वाचला, पण त्याचे कुटुंब वाचले नाही. युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियाने सुमारे तीस लाख जर्मन भाषकांना देशाबाहेर काढले. १९४६ च्या वसंतात म्हणून दोन घटना दोन महिन्यांच्या अंतराने घडल्या. प्रागमधून निघालेल्या जर्मन वादकांनी मार्चमध्ये बव्हेरियातल्या बांबर्ग गावी नवा वाद्यवृंद उभा केला. मे महिन्यात, चेक फिलहार्मोनिकच्या पन्नाशीचे निमित्त साधून, संचालक राफाएल कुबेलिकच्या पुढाकाराने ‘प्राग स्प्रिंग’चा पहिला महोत्सव भरला. संचालन करायला अमेरिकेहून २७ वर्षांचा लेनर्ड बर्नस्टाइन आला, सोव्हिएत संघातून येव्हगेनी म्राविन्स्की आला. युरोप दोन गटांत फाटण्याच्या अगदी आधी दोन्ही बाजूंचे लोक एका मंचावर आले. प्रागने जगाला दार उघडले त्याच वसंतात प्रागमधलेच अनेक वादक परागंदा झालेले होते, हे विसरून या महोत्सवाविषयी बोलता येत नाही.

आता मघाच्या मोकळ्या जागेकडे पाहा. तिथे आलेल्या नावांतून या देशाचा इतिहास वाचता येतो. कुबेलिक १९४८ च्या कम्युनिस्ट सत्तांतरानंतर देश सोडून गेला. आन्चर्ल १९५० पासून चेक फिलहार्मोनिकचा प्रमुख होता. १२ मे १९६८ रोजी, कम्युनिस्ट राजवटीतल्या सुधारणांच्या आशादायी दिवसांत, उद्घाटनाला त्यानेच ‘मा व्लास्त’ केले. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले आणि आन्चर्लनेही परदेशाची वाट धरली. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर, प्रकृतीमुळे संचालनातून निवृत्त झालेला पंचाहत्तरीचा कुबेलिक १२ मे १९९० रोजी या मंचावर परतला आणि स्वतंत्र देशाच्या राष्ट्राध्यक्षांसमोर, व्हाक्लाव हावेल यांच्यासमोर, त्याने तीच रचना वाजवून घेतली. कथा इथे संपली असती तर तिला हरवलेले घर परत मिळाल्याची कथा म्हणता आले असते. पण पुढे जे घडले ते मला त्याहून मोलाचे वाटते. २०१७ मध्ये उद्घाटनाची संध्याकाळ व्हिएन्ना फिलहार्मोनिक आणि डॅनियल बारेनबॉइम यांना दिली गेली. २०१९ मध्ये ती बांबर्गच्या वाद्यवृंदाला दिली गेली. प्रागमधून निघून गेलेल्यांनी उभा केलेला तो वाद्यवृंद आता याकुब ह्रूशा या चेक संचालकाच्या हाताखाली प्रागच्या व्यासपीठावर स्मेताना वाजवत होता. आणि २०२४ मध्ये, स्मेतानाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, हा मान बर्लिन फिलहार्मोनिक आणि त्याचे मूळचे रशियन संचालक किरिल पेत्रेंको यांच्याकडे गेला. द्विशताब्दीला तरी आपलेच लोक असावेत, असा हट्ट कोणीही समजू शकला असता. शहराने तो धरला नाही. ज्यांच्या फौजांनी हे शहर व्यापले होते त्यांच्या राजधानीचा वाद्यवृंद व्हिशेहराडचे ते चार स्वर वाजवणार, आणि चेक श्रोते ते ऐकणार. यात स्वतःच्या वारशावरचा जो विश्वास आहे तो कोणत्याही स्मारकात दिसणार नाही.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. राष्ट्राध्यक्ष, राष्ट्रगीत, मायभूमीचे संगीत, हा तर सत्तेला हवाहवासा थाट आहे, कोणीही तो आपल्या कामाला जुंपावा. तसे झालेलेही आहे. जून १९३९ मध्ये व्हाक्लाव टालिख या चेक संचालकाने राष्ट्रीय नाट्यगृहात ‘मा व्लास्त’ केले तेव्हा व्यापलेल्या शहरातले श्रोते राष्ट्रगीत गाऊ लागले. आणि दोनच वर्षांनी त्याच टालिखला तीच रचना घेऊन बर्लिनला जावे लागले. उद्घाटनाची रीत रूढ झाली ते १९५२ हे वर्ष तर स्टालिनवादी दडपशाहीचे. स्मेतानाला राजमान्य संगीतकार करून टाकणारा आणि द्वोर्झाकला कमी लेखणारा झ्डेन्येक नेयेड्ली तेव्हा मंत्रिमंडळात होता. तेव्हा या रीतीचा जन्म निष्कलंक आहे, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे असे, की सत्तेला रचना वापरता आली, ताब्यात ठेवता आली नाही. ज्या रीतीने राजवटीचा दिमाख वाढावा अशी अपेक्षा होती, तिच्याच चौकटीत १९६८ चा आन्चर्ल आणि १९९० चा कुबेलिक उभे राहिले. रीत दरवर्षी पाळायची असल्यामुळे तिचा अर्थही दरवर्षी नव्याने ठरवावा लागला, आणि तो ठरवणारेही बदलत गेले. राष्ट्रवादाच्या धोक्यावर हाच उपाय आहे. मायभूमीचे संगीत मोडीत काढून तो धोका टळत नाही. ते वाजवण्याचा हक्क सगळ्यांना दिला की टळतो.

दुसरा आक्षेप रसिकांचा आहे. दरसाल तेच, मग नवे काय? पुनरावृत्तीने कान बोथट होतात आणि उत्सवाचा उपचार होतो, असे म्हणणारे लोक प्रागमध्येही आहेत. आपल्याला मात्र हा आक्षेप खरे म्हणजे पटायला नको. यमन शेकडो वेळा ऐकलेला श्रोता पुन्हा यमन ऐकायला बसतो तो राग ठाऊक आहे म्हणूनच. गाणाऱ्याने कुठे निराळा विचार केला हे त्यालाच कळते. माहितीची रचना ही श्रोत्याच्या हातातली मोजपट्टी असते. २०२१ मध्ये व्हाक्लाव लुक्सच्या ‘कोलेगियम १७०४’ या वाद्यवृंदाने स्मेतानाच्या काळातल्या घडणीच्या वाद्यांवर ‘मा व्लास्त’ सादर केले. अशा वाद्यांचा आवाज मोठ्या आधुनिक वाद्यवृंदाइतका घट्ट आणि झळाळता नसतो, लाकडी सुषिर वाद्ये त्यात अधिक सुटी ऐकू येतात. हा फरक जाणवायला आधीच्या वर्षांचे ‘मा व्लास्त’ कानात असावे लागते. आणि एक संध्याकाळ ठरलेली असल्यामुळे बाकीच्या तीन आठवड्यांत नवे करायला आयोजक मोकळे राहतात. १९४७ पासून महोत्सवाला तरुण वादकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची जोड आहे. १९५० मध्ये तिथे पारितोषिक मिळवणाऱ्या चेलोवादकांत तेवीस वर्षांचा म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच होता. पुनरावृत्ती आणि नवता एकमेकींच्या वैरिणी नाहीत. पहिलीचा पाया पक्का असला की दुसरीला धीटपणे वागता येते.

तिसरा आक्षेप असा, की हे सगळे मूठभरांसाठी आहे. स्मेताना सभागृहात बाराशेच्या आसपास लोक मावतात, उद्घाटनाचे तिकीट सर्वांना परवडणारे नसते, आणि वसंतात प्रागमध्ये पर्यटकांची रीघ असते. हा आक्षेप मी बराचसा मान्य करतो. उद्घाटनाचा कार्यक्रम रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून देशभर जातो, नदीकाठच्या काम्पा बेटावर मोठ्या पडद्यावरही दाखवला गेला आहे, आणि त्यामुळे भिंत थोडी खाली येते. पण महोत्सव मूठभरांचा की सगळ्यांचा हे तिकिटाच्या दराने अखेरीस ठरत नाही. ते ठरते गावोगावच्या शाळेत. चेक प्रजासत्ताकात शालेय वयाच्या मुलांसाठी सार्वजनिक कलाशाळांचे दाट जाळे आहे, आणि लहान गावांतली मुलेही तिथे थोड्या शुल्कात वाद्य शिकतात. यातले बहुतेक जण पुढे वादक होत नाहीत. पण फ्लूटची ती दुहेरी लकेर किती अवघड आहे, हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे असा श्रोता त्यांतून घडतो. बर्नीने पाहिलेल्या खोलीचा हा विस्तार आहे. जिथे अशी शाळा नाही, तिथे कितीही नामवंत वाद्यवृंद बोलावले तरी तो महोत्सव श्रीमंतांचा समारंभच राहील, हे आक्षेप घेणाऱ्यांइतकेच ठामपणे मीही म्हणेन.

या कथेचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. बोहेमियातल्या कार्ल्सबाडला जन्मलेला, बर्लिन आणि प्राग इथे शिकलेला वॉल्टर कॉफमन हा जर्मन भाषक ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आला. नाझींच्या उदयानंतर युरोपात त्याला जागा उरली नव्हती. मुंबईत त्याने चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली, मेहली मेहता तिथे व्हायोलिन वाजवत. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात तो पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. आकाशवाणीची ती पहाटेची परिचित धून, शिवरंजनीच्या वळणाची, त्याचीच रचना मानली जाते. १९४६ मध्ये, म्हणजे बांबर्गचा वाद्यवृंद आणि प्रागचा महोत्सव ज्या वर्षी सुरू झाले त्याच वर्षी, त्याने मुंबई सोडली. पुढे अमेरिकेत प्राध्यापक असताना उत्तर भारतीय रागांवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. तो १९६८ मध्ये प्रकाशित झाला. बोहेमियाने गमावलेल्या एका माणसाच्या हाती आपण आपले राग दिले, आणि त्याने ते जपून पुढच्यांना दिले. परक्या हातांत वारसा विटतो, ही भीती बाळगणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

म्हणून प्रागकडून आपण उचलायचे ते तिथल्या थाटाचे अनुकरण नव्हे. गुरूच्या स्मृतिदिनी शिष्याने महोत्सव मांडावा ही कल्पना आपल्याला परकी नाही. सवाई गंधर्वांच्या निधनानंतर १९५३ पासून पंडित भीमसेन जोशी यांनी पुण्यात तेच केले, आणि किराणा घराण्याच्या गुरूच्या नावाचे ते व्यासपीठ सगळ्या घराण्यांना खुले ठेवले. त्या उदारपणातच त्याचे दीर्घायुष्य आहे. वाद्यवृंदाच्या बाबतीत मात्र आपण अजून बरेच मागे आहोत. मुंबईत २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला तेव्हा त्यात परदेशी वादकांचा भरणा करावा लागला, कारण इथे तेवढे वादक घडवणाऱ्या शाळा नव्हत्या. परदेशी वादक येण्यात काहीच कमीपणा नाही. प्रागही परक्यांना बोलावते. फरक एवढाच, की प्रागकडे देण्यासारखे घर भरलेले आहे आणि ते घर लहान मुलांच्या सरावाने भरलेले आहे. कोणत्याही महोत्सवाला मग तीन प्रश्न विचारावेत. ज्यावर पुढची पिढी आपला विचार तपासून पाहील, असे तुमच्याकडे दरवर्षी न चुकता होणारे काही आहे का? ते करण्याचा मान तुम्ही आपल्या परिघाबाहेरच्या माणसाला द्यायला तयार आहात का? आणि उरलेल्या वर्षभरात कोणत्या शाळेत, कोणत्या मुलाच्या हातात तुम्ही वाद्य देता? या तिन्हींना ज्या शहराकडे होकारार्थी उत्तर आहे, त्याच्याच वारशाला भविष्य आहे. ज्याच्याकडे ते नाही, त्याने यादी कितीही लांब केली तरी ती गेलेल्यांचीच यादी राहील. आणि हे उत्तर मिळवणे संगीतकारांवर सोडून चालणार नाही. ते शाळा चालवणाऱ्यांचे, नगरपालिकांचे आणि आपल्यासारख्या श्रोत्यांचे काम आहे.